मोटरसायकलच्या तापत्या मुठी : निवड, जोडणी आणि विजेचा हिशेब
(कसबा पेठेतील दुचाकीस्वाराच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

थंडीत मोटरसायकल चालविणाऱ्याच्या हाताला ऊब देण्यासाठी हँडलच्या मुठीत विजेवर तापणारी तार बसविलेली असते. अशा मुठींना बाजारात 'हीटेड ग्रिप' म्हणतात. प्रस्तुत लेखात या साधनाची गरज, त्यामागील भौतिकशास्त्र, निवडीचे निकष आणि जोडणीची पद्धत यांचे विवेचन केले आहे. मूठ विकत घेणे ही शेवटची पायरी असून वाहनात शिल्लक राहणाऱ्या विजेचा हिशेब ही पहिली पायरी होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : तापत्या मुठी, वातशीतन, विद्युतरोध, रिले, फ्यूज, दुचाकी सुरक्षा.

१. प्रस्तावना

पुणे हे दुचाकींचे शहर म्हणून ओळखले जाते. कसबा पेठ हा या शहराचा सर्वांत जुना भाग. तेथील अरुंद गल्ल्यांतून चारचाकीपेक्षा दुचाकीच सोयीची पडते. सकाळच्या सत्रात शिकविणारे प्राध्यापक, दूध व वृत्तपत्र पोहोचविणारे, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार आणि सुटीच्या दिवशी सिंहगड वा महाबळेश्वरकडे निघणारे तरुण, हे सारे डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यातच घराबाहेर पडतात.

पुण्याची थंडी बोचरी असली तरी सौम्य, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. हे टोकाचे उदाहरण बाजूला ठेवले तरी हिवाळ्यात दहा अंशांच्या आसपासची पहाट पुणेकरांस अपरिचित नाही. शिवाय दुचाकीस्वाराला जाणवणारी थंडी तापमापकावरील आकड्यापेक्षा अधिक असते. तीत वाहनाच्या वेगाने निर्माण होणाऱ्या वाऱ्याची भर पडते.

२. प्रश्न सुखाचा की सुरक्षिततेचा?

अमेरिका व कॅनडा या देशांनी २००१ साली वातशीतनाचे, म्हणजे वाऱ्यामुळे वाढणाऱ्या थंडीच्या जाणिवेचे, एक सूत्र स्वीकारले. त्यानुसार हवेचे तापमान १० अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर असता उघड्या त्वचेस सुमारे ६ अंशांइतकी थंडी जाणवते. वेग ६० किलोमीटर असता ती सुमारे ५ अंश होते. हवेचे तापमान शून्य असेल, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला हाच आकडा उणे ७ च्या आसपास जातो. हे सूत्र मुळात चेहऱ्याच्या त्वचेसाठी बांधलेले आहे. हाताच्या बाबतीत ते केवळ दिशादर्शक मानावे.

थंडीत शरीर आपली उष्णता हृदय, मेंदू आदी महत्त्वाच्या अवयवांसाठी राखून ठेवते. त्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांखाली गेले की त्यांची चपळता घटते, पुढे वेदना होतात आणि अखेरीस बधिरता येते. दुचाकीवर पुढील ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर, हॉर्न आणि दिशादर्शक दिवे या सर्वांचे नियंत्रण बोटांकडेच असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. गारठलेल्या बोटांना ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी तेवढ्यात वाहन आठ मीटरहून अधिक पुढे गेलेले असते. म्हणून हाताची ऊब हा चैनीचा विषय राहत नाही.

३. मूठ तापते कशी?

कसब्यातील तांबट आळीमुळे तांबे हा धातू पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तांबे विजेला फारसा विरोध करीत नाही. त्यामुळे ते वीज वाहून नेण्यास उत्तम, परंतु त्याच जाडीची तांब्याची आखूड तार तापविण्याच्या कामी निरुपयोगी ठरते. विजेच्या शेगडीत वापरले जाणारे नायक्रोम हे निकेल व क्रोमियम यांचे मिश्रधातू याच्या उलट आहे. त्याचा विरोध तांब्याच्या सुमारे साठपट असल्याने वीज वाहताना ते तापते. तापत्या मुठीत ही दोन्ही तत्त्वे एकत्र येतात. बॅटरीपासून मुठीपर्यंत वीज आणणारी तार तांब्याची असते, तर रबराच्या आत अधिक विरोधाची बारीक तार किंवा लवचीक पट्टी बसविलेली असते.

समजा, प्रत्येक मुठीचा विरोध ८ ओहम आहे. दोन्ही मुठी समांतर जोडल्या तर एकत्रित विरोध ४ ओहम होतो. १२ व्होल्ट दाबाला ३ अँपिअर प्रवाह वाहतो व ३६ वॅट उष्णता मिळते. त्याच मुठी एकसर जोडल्या तर विरोध १६ ओहम होऊन केवळ ९ वॅट मिळतात. काही साध्या संचांतील 'कमी' व 'जास्त' या दोन खुणांमागे हीच युक्ती असते. अलीकडच्या संचांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वीज अतिशय जलद चालू-बंद करून चार-पाच पायऱ्यांत उष्णता बदलतो.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. इंजिन चालू असताना वाहनातील दाब १२ नव्हे, तर सुमारे १४ व्होल्ट असतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वरील मुठी प्रत्यक्षात ३६ नव्हे तर ४९ वॅट वीज घेतात. प्रवाहही साडेतीन अँपिअर होतो. वेष्टनावर लिहिलेला आकडा कोणत्या दाबाचा आहे, हे पाहिल्याविना केलेला हिशेब म्हणूनच फसवा ठरतो.

४. विजेचा हिशेब

मोटरसायकलचा जनित्र-संच मर्यादित वीज निर्माण करतो आणि ती इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. उदाहरणादाखल एखाद्या गाडीचे जनित्र रस्त्यावरील वेगाला २०० वॅट देते असे गृहीत धरू. हेडलाइट ५५ वॅट, मागील दिवा व मीटर १० वॅट, प्रज्वलन, इंधनपंप व इंधन-अंतःक्षेपण ६० वॅट, असा १२५ वॅटचा सततचा खर्च वजा जाता ७५ वॅट उरतात. मुठींचे ४९ वॅट त्यात बसतात. उरलेल्या २६ वॅटवर बॅटरीचे प्रभारण, हॉर्न, ब्रेकचा दिवा व दिशादर्शक यांना भागवावे लागते. म्हणजे हिशेब जुळतो, पण जेमतेम.

आता हीच गाडी लक्ष्मी रस्त्यावरील कोंडीत उभी आहे व जनित्र केवळ १०० वॅट देत आहे, अशी कल्पना करू. मुठी बंद असता तूट २५ वॅटची. मुठी चालू असता ती सत्तर वॅटच्या घरात जाते, आणि पाच-सहा अँपिअर प्रवाह बॅटरीतून ओढला जातो. पंधरा मिनिटांत जवळजवळ दीड अँपिअर-तास इतका साठा संपतो. ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा सहावा हिस्सा झाला. त्यात शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता शून्य अंशाजवळ सुमारे एक-पंचमांशाने घटते. ज्या थंडीत मुठींची गरज सर्वाधिक, त्याच थंडीत बॅटरी सर्वांत दुबळी असते.

भारतातील नियमांचाही या हिशेबावर परिणाम झाला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत कायम पेटता ठेवण्याची तरतूद लागू झाली. त्यामुळे दिवसा दिवा बंद ठेवून वीज वाचविण्याचा मार्ग या गाड्यांत उरलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके आली आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. अशा गाडीत बॅटरी पूर्ण उतरली तर किक असूनही इंजिन सुरू होण्याची खात्री नसते. याउलट जुन्या लहान मोटरसायकलींपैकी अनेकींत हेडलाइट थेट जनित्राच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतो. बॅटरीच्या वाट्याला वीज थोडीच येते, आणि बॅटरीही काहींत अवघी अडीच अँपिअर-तासांची असते. अशा गाडीला तापत्या मुठी न लावणेच श्रेयस्कर.

५. निवडीचे निकष

गरज : मुठी तापण्यास काही मिनिटे लागतात. कसब्यातून डेक्कनपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांच्या प्रवासात त्यांचा लाभ मिळेपर्यंत मुक्कामच येतो. अशा वापरास चांगले हातमोजे पुरेत. पहाटे खंबाटकी व पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जाणारा किंवा लडाखच्या मोहिमेवर निघणारा स्वार मात्र तासन् तास वाऱ्यात असतो. त्याच्यासाठी खर्च सार्थ ठरतो. थंडीत बोटे पांढरी पडण्याचा विकार असलेल्यांनाही त्यांचा उपयोग होऊ शकतो.

वाऱ्याचा अडसर : मूठ तळहाताला ऊब देते, हाताच्या पाठीला नाही. म्हणून हँडलवर वारा अडविणारी हातढाल आधी बसवावी. तिला वीज लागत नाही आणि तिच्यामुळे मुठींची उष्णताही कमी वाया जाते.

माप : बहुतेक मोटरसायकलींच्या हँडलच्या नळीचा व्यास २२ मिलिमीटर असतो. काही मोठ्या गाड्यांचा वेगळा असल्याने तो मोजूनच घ्यावा. उजवी मूठ नळीवर नव्हे, तर ॲक्सिलरेटरच्या प्लॅस्टिकच्या फिरत्या बाहीवर बसते. त्यामुळे तिचे आतील माप डावीपेक्षा मोठे असते. जुन्या मुठीची लांबीही मोजून घ्यावी.

नियंत्रक : ऑक्सफर्ड, कोसो यांसारख्या नाममुद्रांचे संच तसेच स्वस्त अनामिक संचही मिळतात. दाब उतरताच आपोआप बंद होणारा नियंत्रक, जलरोधक जोडण्या आणि विद्युतखर्चाचा स्पष्ट उल्लेख या तीन गोष्टी नाममुद्रेपेक्षा महत्त्वाच्या होत. पुण्याच्या पावसात गाडी चार महिने भिजते, याचा विसर पडू नये.

६. जोडणीची पद्धत

नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारपेठेत रिले, फ्यूज, तारा व आवेष्टन-नळ्या सहज मिळतात. काम मेकॅनिककडून करवून घेतले, तरी क्रम व कारणे वाहनमालकाला ठाऊक असावीत.

(अ) प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडावे. मल्टिमीटरने दोन्ही मुठींचा विरोध मोजून पाहावा. सदोष मूठ चिकटविल्यानंतर सापडण्यापेक्षा आधी सापडलेली बरी.

(आ) जुन्या मुठी साबणाच्या पाण्याने सैल करून किंवा कापून काढाव्यात. नळी स्वच्छ व कोरडी करावी. ॲक्सिलरेटरच्या बाहीवर उंचवटे असल्यास ते कानशीने सावकाश घासावे लागतात.

(इ) डिंक न लावता मुठी एकदा बसवून पाहाव्यात. उजव्या मुठीतून निघणारी तार ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला असता ताणली जाता कामा नये, तसेच ब्रेकच्या दांड्यात वा स्विचच्या पेटीत अडकता कामा नये. मूठ आणि स्विचची पेटी यांत थोडी फट ठेवावी. संपूर्ण जोडणीतील ही सर्वांत गंभीर बाब होय, कारण अडकलेला ॲक्सिलरेटर थंड बोटांपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक असतो. समाधान झाल्यावरच डिंक लावावा. तो फार लवकर पकडतो. तो पूर्ण वाळेपर्यंत गाडी चालवू नये.

(ई) तारा हँडलच्या कडेने आणून दोन्ही बाजूंना हँडल पूर्ण वळेल इतकी ढील ठेवून बांधाव्यात. इंजिन व सायलेन्सर यांच्यापासून त्या दूर असाव्यात.

(उ) मुख्य वीज थेट बॅटरीच्या धन टोकावरून घ्यावी व टोकाजवळच ५ अँपिअरचा, किंवा उत्पादकाने सांगितलेला, फ्यूज बसवावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो मुठीजवळ बसविला तर मधली सारी तार अरक्षित राहते.

(ऊ) या वाटेत रिले घालावा. त्याचे नियंत्रण चावी फिरविल्यावरच वीज येणाऱ्या तारेवरून, उदाहरणार्थ मागील दिव्याच्या तारेवरून, घ्यावे. रिलेला लागणारा प्रवाह अल्प असल्याने मूळ वायरिंगवर भार येत नाही आणि चावी काढताच मुठी बंद होतात. रिले नसेल व स्विच चालू राहिला, तर सुमारे तीन तासांत ९ अँपिअर-तासांची बॅटरी पार रिकामी होईल. गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधी येईल.

७. तपासणी व दक्षता

इंजिन बंद असता पूर्ण भारित बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. इंजिन मध्यम फेऱ्यांवर असता तो १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावा. मुठी पूर्ण तापमानावर ठेवून पुन्हा मोजावे. दाब १३ व्होल्टखाली उतरत असेल, तर बॅटरी भरत नसून रिती होत आहे. त्या गाडीवर मुठी खालच्या पायरीवरच वापराव्यात. मंद फेऱ्यांवरही एकदा मोजून कोंडीत त्या बंद कराव्यात की नाही ते ठरवावे. हँडल डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशा तिन्ही स्थितींत ॲक्सिलरेटर सोडताच स्वतःहून मागे येतो, याची खात्री केल्याविना गाडी रस्त्यावर आणू नये.

डावी मूठ धातूच्या नळीवर असल्याने तिची उष्णता नळीत जाते व ती उजवीपेक्षा थंड वाटते. तो दोष नव्हे. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपावे. ४४ अंशांचा सौम्य वाटणारा स्पर्शही सुमारे सहा तास टिकल्यास त्वचा भाजू शकते, हे १९४७ साली मॉरित्झ व हेन्रिक्स यांच्या संशोधनाने दाखविले आहे. नव्या गाडीची वॉरंटी अशा जोडणीने बाधित होते का, हेही आधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.

८. निष्कर्ष

१. थंडीने बधिर झालेला हात ब्रेक उशिरा दाबतो. म्हणून तापत्या मुठींचा विचार सुरक्षिततेच्या अंगाने करावयास हवा.

२. पुण्यातील अल्प अंतराच्या प्रवासास हातमोजे व हातढाल पुरेशी आहे. दीर्घ घाटप्रवास व उंच प्रदेशातील मोहिमा यांसाठी मुठी उपयुक्त ठरतात.

३. निवड किमतीवरून न करता गाडीच्या शिल्लक विजेवरून करावी व ती १४ व्होल्ट दाबाला मोजावी.

४. फ्यूज, रिले व मोकळा फिरणारा ॲक्सिलरेटर या तीन बाबींत तडजोड करू नये. त्या साधणार नसतील, तर साध्या मुठीच अधिक सुरक्षित होत.

ओहमचा नियम आपण पदवीपूर्व वर्गांत फळ्यावर शिकवितो. दारात उभ्या असलेल्या गाडीवर एक मल्टिमीटर लावून तोच नियम विद्यार्थ्यांस दाखविता आला, तर विज्ञानाचा तास अधिक अर्थपूर्ण होईल आणि त्यांच्यापैकी काहींचा पहाटेचा प्रवासही अधिक निर्धोक होईल.