पाणी चढतंय की उतरतंय?

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणाचाही फोन आला, तरी तब्येतीच्या आधी एक प्रश्न येतो : पाणी किती फुटांवर? उत्तरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी असते, फूट आणि इंचांत. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पण आकडा ऐकून कुणी फोन ठेवत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : चढतंय की उतरतंय? 41 फुटांवर चढणारं पाणी असेल तर सामान माळ्यावर टाकायचं, आणि 41 फुटांवर उतरणारं असेल तर खराटा शोधायचा. आकडा तोच.

वीसेक वर्षं मी लोकांचे वेब सर्व्हर सांभाळतोय. गुळाचे व्यापारी, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले, दोन-तीन लॉज, एक शिक्षणसंस्था असे आमचे गिऱ्हाईक. या काळात सर्व्हरवर नजर ठेवायची साधनं किती बदलली हे परवा जुन्या वह्या चाळताना जाणवलं. आणि बंधाऱ्यावरचा तो दुसरा प्रश्न मला सर्व्हरला विचारायला किती उशिरा सुचला, हेही.

सुरुवात काळ्या पडद्यापासून झाली. ‘पुटी’ नावाची छोटी खिडकी उघडायची, पासवर्ड टाकायचा, ‘टॉप’ लिहायचं आणि हलणाऱ्या आकड्यांकडे बघत बसायचं. इंटरनेट डायल-अपचं. फोन आला की लाइन तुटे, आणि भारनियमनाच्या वेळा भिंतीवर चिकटवलेल्या असत. त्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ‘लोड अॅव्हरेज’चे तीन आकडे दिसत : शेवटच्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा. मी वर्षभर फक्त पहिला आकडा बघत होतो. तीन का दिलेत, असा प्रश्नही पडला नाही. पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर ताण चढतोय, लहान असेल तर उतरतोय, एवढी साधी गोष्ट. आलेख यायच्या कितीतरी आधी दिशा तिथे लिहून ठेवलेली होती.

आपल्या जिल्ह्याचा संगणकाशी संबंध त्याआधीचा. 1998 मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या जोडीला केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि राज्य सरकार होतं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावं संगणकांनी जोडायची, शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन, खतं आणि बिल गावातच कळावं, असा तो बेत. देशभरातून लोक बघायला येत. पुढे 2006 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे मुक्काम केला. त्यांना दिसलं की गावातल्या केंद्रांवरचा संगणक बहुतेक वेळा कारखान्याकडच्या ठरलेल्या माहितीची देवघेव करण्यापुरताच वापरला जातोय. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस देऊन पाहिला. ते चाललं, स्वस्तही पडलं आणि शेतकऱ्यांना आवडलं. मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं ते वेगळ्याच कारणाने. रंगीत पडदा काढून घेतला आणि हवा तो एकच आकडा हातात दिला, तेव्हा माणसाचं काम जास्त सोपं झालं. माझ्या धंद्यात नेमका उलटा प्रवास सुरू होता.

तो प्रवास ‘वेबमिन’पासून. जेमी कॅमेरॉन या ऑस्ट्रेलियन माणसाने 1997 मध्ये ते लिहिलं. सर्व्हरवर बसवायचं, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून शेवटी 10000 हा पोर्ट लिहायचा, की सर्व्हरच्या नाड्या बटणांच्या रूपात समोर. अपाचे बंद करा, चालू करा, नवा वापरकर्ता घाला, डिस्क बघा. होस्टिंग कंपन्यांकडे ‘सीपॅनेल’ असे, डेटाबेससाठी ‘पीएचपीमायअॅडमिन’. जुने जाणकार नाक मुरडत. माउसने सर्व्हर चालवणारा तो काय अॅडमिन, असं एकाने मला तोंडावर सांगितलं होतं. त्यात अहंकार होता, पण थोडं तथ्यही होतं. बटण दाबल्यावर आत कुठली फाइल बदलते हे न कळता मी सहा महिने बटणं दाबली. एका रात्री पॅनेलच उघडेना. तेव्हा फाइल कुठे आहे हे शोधण्यात पहाट झाली. तरीही सांगतो, वेबमिन नसतं तर मी या धंद्यात टिकलो नसतो.

खरा फरक पडला तो आलेखांनी. टोबियास ओटिकर हा स्विस गृहस्थ 1994 मध्ये इंग्लंडात एका विद्यापीठात होता. सगळ्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच 64 किलोबिटची लाइन. ती आत्ता किती तुंबलीय हे प्रत्येकाला बघायचं असे. त्यातून ‘एमआरटीजी’ आलं. दर पाच मिनिटांनी मोजायचं आणि चित्र काढायचं : येणाऱ्या माहितीचा हिरवा डोंगर, जाणाऱ्याची निळी रेघ. मी ते 2005 मध्ये बसवलं. पहिल्या आठवड्यात मी कामधंदा सोडून त्या हिरव्या डोंगराकडे बघत बसायचो. दुपारी दोनला खाली, रात्री नऊला वर. आपल्या सर्व्हरलाही दिनक्रम आहे, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

याच आलेखाने मला एकदा तोंडघशी पाडलं. एका शिक्षणसंस्थेचा निकाल दुपारी एकला लागला आणि वीस मिनिटं साइट आडवी. पालक चिडले, पोरं सायबर कॅफेत ताटकळली. वर्षभराने मोठा सर्व्हर घ्या म्हणून पटवायला मी गेलो आणि ऐटीत वर्षाचा आलेख समोर ठेवला. संस्थेच्या साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, “कुठाय ती गर्दी?” खरंच नव्हती. सगळं वर्ष सपाट माळ. खुलासा नंतर सापडला. या साधनांमध्ये नोंदींची फाइल कधी वाढत नाही. जुन्या नोंदींची सरासरी काढून त्या दाबल्या जातात. पाच मिनिटांच्या नोंदी दोन दिवस टिकतात, पुढे अर्ध्या तासाची सरासरी, मग दोन तासांची, आणि वर्षाच्या आलेखात एका दिवसाचा एक ठिपका. वीस मिनिटांची गर्दी चोवीस तासांत वाटली गेली की संपलीच. पंचगंगेच्या वर्षभराच्या पातळीची सरासरी काढा, कोल्हापूरला कधी पूर येतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तेव्हापासून सरासरीबरोबर त्या दिवसातला सर्वांत मोठा आकडाही साठवून ठेवतो. पुढची साधनं ती सोय देतातच, फक्त मागावी लागते.

मग ‘नॅगिऑस’ आलं. 1999 मध्ये एथन गॅलस्टॅडने ते ‘नेटसेंट’ नावाने काढलं आणि नावाच्या वादामुळे पुढे बदललं. हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येक गोष्टीला दोन खुणा द्यायच्या : इथे आलं की इशारा, इथे आलं की धोका. मला समजवायची गरज पडली नाही. आमच्या कार्यालयातल्या चहावाल्या पोरालाही ते बघताक्षणी कळलं. डिस्कला मी 80 टक्क्यांवर इशारा आणि 90 वर धोका लावला. एक सर्व्हर 82 टक्क्यांवर जाऊन बसला तो तीन वर्षं तिथेच. रोज पिवळा दिवा, रोज एसएमएस. चौथ्या आठवड्यात मी ते एसएमएस वाचणं सोडलं. दुसरा सर्व्हर एका रात्रीत 40 वरून 78 वर गेला तेव्हा मात्र दिवा हिरवाच होता. सकाळी सहापर्यंत डिस्क भरली.

स्वयंचलित उपायांचीही एक हौस झाली. राधानगरी धरणाचे सात दरवाजे विजेशिवाय, पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडतात. आपलाही सर्व्हर असाच सावरावा म्हणून मी अपाचे पडला की तो परत उठवणारी स्क्रिप्ट लिहिली. सात महिने एकही तक्रार नाही. मग एकदा मेमरीचा आलेख जरा लांबून पाहिला तर करवतीचे दात : हळूहळू चढण, पहाटे तीनला सरळ कडा, पुन्हा चढण. कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅममधून मेमरी गळत होती आणि माझी स्क्रिप्ट रोज तिच्यावर पांघरूण घालत होती. दरवाजा उघडला की धरणावरून निदान बातमी तरी येते.

ऑगस्ट 2019 वर मात्र थांबायला हवं. पाणी 55 फुटांवर गेलं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, सुतारवाडा बुडाले, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन शहर तुटलं, पेट्रोल मिळेना. आमचं कार्यालय राजारामपुरीत, उंचावर. तिथे पाणी यायचा प्रश्न नव्हता. गिऱ्हाइकांचे सर्व्हर तर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, सुखरूप. पण या सगळ्यांवर नजर ठेवणारा संगणक होता माझ्या टेबलाखाली. वीज गेली, सहा तासांनी इन्व्हर्टर संपला आणि पहारेकरी गप्प झाला. त्याचा एसएमएस येत नाही म्हणजे सगळं ठीक, अशी मी समजूत करून घेतली. घरात पूरग्रस्त पाहुणे होते, डोकं तिकडे. तिसऱ्या दिवशी एका फाउंड्रीवाल्याचा फोन आला : “साहेब, आमची साइट परवापासून बंद आहे, तिकडं बी पाणी शिरलं काय?”

त्याच आठवड्यात, 10 ऑगस्टला, अमेरिकेतल्या एका परिषदेत वेबमिनमधलं एक भगदाड उघड झालं. वेबमिन ज्या यंत्रावर बांधलं जाई, त्यातच कुणीतरी 2018 च्या एप्रिलमध्ये शिरून पासवर्ड बदलण्याच्या पानामागे चोरदरवाजा ठेवला होता. 1.890 ही आवृत्ती जशीच्या तशी बसवली असेल तर पासवर्ड नसतानाही बाहेरच्याला आत हवं ते करता येत होतं. दुरुस्त आवृत्ती 17 ऑगस्टला आली. मी ही बातमी पाणी ओसरल्यावर वाचली. माझ्या एका सर्व्हरवर तीच 1.890 होती, आणि पोर्ट 10000 साऱ्या जगाला उघडा. घुसखोरीच्या खुणा सापडल्या नाहीत, पण न सापडण्यावर विसंबणं शहाणपणाचं नव्हतं. सर्व्हर पुसून नव्याने उभा केला. ज्या खिडकीतून मी चौदा वर्षं आत बघत होतो ती बाहेरच्यांनाही होती, हे इतक्या उशिरा सुचावं याची आजही लाज वाटते. आता कुठलंही पॅनेल थेट इंटरनेटवर उघडं नसतं. आधी एसएसएचमधून आत जायचं, मगच ते दिसतं.

जुलै 2021 मध्ये पाणी 2019 पेक्षाही वर, 56 फुटांवर गेलं. महामार्ग पुन्हा बंद, वीज पुन्हा गेली. पहारेकरी तोवर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर हलवला होता. त्या वेळी सांगण्यासारखं काही घडलं नाही.

नंतरचं ‘प्रोमिथियस’ आणि ‘ग्राफाना’चं युग सगळ्यांना माहीत आहे. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत रेघा, भिंतीवरच्या टीव्हीवर लावल्या की गिऱ्हाईक खूश. साधन म्हणून ग्राफाना उत्तम आहे, यात वाद नाही. पण माझ्या पडद्यावर एकेकाळी 26 चौकटी होत्या आणि मी बघत होतो चार. बाकीच्या 22 गेल्या वर्षी काढून टाकल्या. उरल्या त्या अशा : पान उघडायला लागणारा वेळ, डिस्क आत्ताच्या वेगाने किती दिवसांत भरेल, सर्टिफिकेटची मुदत संपायला किती दिवस राहिले, आणि शेवटचा बॅकअप प्रत्यक्ष उलगडून कधी पाहिला. चारांपैकी तीन आकडे दिवसांत आहेत, टक्क्यांत नाहीत.

पहारेकऱ्याला एक नवं काम दिलंय. सगळं ठीक असलं तरी रोज सकाळी आठला त्याने एक मेसेज पाठवायचा. सव्वाआठपर्यंत नाही आला तर मी लॅपटॉप उघडतो. आज तो आठ वाजून दोन मिनिटांनी आला.