टँकरचे पाणी घरात आल्यावर

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला पाणी रेल्वेने आणावे लागले. मिरजेहून आलेली पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पाणी मिळवायचे कसे, हे त्या वर्षाने आपल्याला शिकवले. पण मिळालेले पाणी पिण्याजोगे करण्याचे काम उरतेच, आणि ते घरातच करावे लागते.

टँकरचे किंवा विहिरीचे पाणी दिसायला नितळ असले तरी त्यात जंतू असू शकतात. आधी ते जुन्या, धुतलेल्या सुती कापडाच्या चार घड्या करून गाळावे. बांगलादेशातील मतलब भागात बायकांनी जुन्या साडीने असेच पाणी गाळले, तेव्हा कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. जुने कापडच घ्यावे, कारण धुऊन धुऊन त्याची वीण दाट होते. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा आणि वरचे पाणी हलकेच काढून घ्यावे.

तुरटीने गाळ बसतो, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे. गॅस परवडत नसेल तर पिण्याच्या पाण्यासाठीचे क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. वुजूत गुळणी करायला आणि भांड्यांनाही शुद्ध केलेलेच पाणी घ्यावे. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही.

शुद्ध केलेले पाणी झाकून, तोटीच्या भांड्यात ठेवावे. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. माठात पेला आणि हात बुडवला की सगळी मेहनत वाया जाते.

बोअरच्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत त्यात फ्लोराइड जास्त आढळते. लहान मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे आखडतात. ते गाळून जात नाही, आणि उकळल्यावर पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. म्हणून बोअरचे पाणी प्यायला घेण्याआधी ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पाणी गोड लागते म्हणून ते चांगलेच असेल, असे धरून चालू नये.