नाणं हलकं का भरतं?

चंडीगडच्या सेक्टर 43 मधल्या आंतरराज्य बस स्थानकावरून हिमाचल आणि पंजाबच्या गाड्या सुटतात. अशा ठिकाणी चहाचे सुटे पैसे परत घेतले की मूठभर चिल्लरीत पाच रुपयांची दोन-तीन तऱ्हेची नाणी हमखास येतात. एक पांढरं, जाडजूड, हाताला लगेच जाणवणारं. दुसरं पिवळसर आणि बारीक. सोनाराच्या काट्यावर पहिलं 9 ग्रॅमच्या आसपास भरतं, दुसरं 6 ग्रॅमच्या. आकडा दोन्हींवर पाचचाच. मग हलकं नाणं खोटं समजायचं का?

मुळीच नाही. दोन्ही नाणी खरी आहेत, फक्त त्यांची प्रमाणं वेगळी आहेत. 1992 पासूनचं तांबे-निकेलचं पाच रुपयांचं नाणं 9 ग्रॅमचं होतं, 2011 च्या मालिकेतलं 6 ग्रॅमचं आणि 2019 च्या मालिकेतलं 6.74 ग्रॅमचं. रुपयाचा प्रवास तर एकाच दिशेने झाला. 1983 पासूनचा तांबे-निकेलचा रुपया 6 ग्रॅमचा, 1992 चा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा, 2011 चा 3.79 आणि 2019 चा 3.09. एका माणसाच्या उमेदीच्या काळात रुपया निम्मा झाला. कारण साधं आहे. नाण्यातल्या धातूची किंमत दर्शनी किमतीपेक्षा वाढली की नाणं वितळवणं फायद्याचं ठरतं. कायद्याने त्याला बंदी आहे, 2011 च्या नाणे कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण मुळात तो मोहच होऊ नये म्हणून सरकार धातू बदलतं आणि वजन उतरवतं. ‘नाणं कमी भरतंय’ ही तक्रार करण्याआधी म्हणूनच नाण्यावरचं साल वाचावं. माझ्या मते निम्म्याहून अधिक शंका तिथेच मिटतील.

खरा प्रश्न पुढचा आहे. एकाच सालची, एकाच टाकसाळीची दोन नाणी घेतली तरी काटा वेगवेगळे आकडे का दाखवतो?

त्यासाठी टाकसाळीत जायला हवं. भारतात चार टाकसाळी आहेत, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाच्या खाली चौकटीसारखी बारीक खूण दिसली की नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. फोर्टमधली मुंबईची टाकसाळ 1829 पासून उभी आहे. ती नाण्यांबरोबर प्रमाणित वजनंही घडवते. बाजारातले काटे तपासणाऱ्या वैधमापन खात्याची मानक वजनं तिथेच तयार होतात. तरीही तिथल्या नाण्यांत काही मिलिग्रॅमची चढउतार असते आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

नाणं पत्र्यापासून बनतं. धातूचा पत्रा लाटायचा, त्यातून पंचाने गोल चकत्या कापायच्या, त्यांचा काठ उचलून घ्यायचा आणि मग दोन ठशांमध्ये दाबायच्या. ठसा दाबल्याने धातू जागचा हलतो, कमी-जास्त होत नाही. म्हणजे नाण्याचं वजन ठरतं ते चकती कापली त्या क्षणी, आणि चकतीचं वजन ठरतं पत्र्याच्या जाडीवरून. 25 मिलिमीटर व्यासाचा, 4.85 ग्रॅमचा स्टीलचा रुपया घ्या. या स्टीलची घनता साधारण 7.7. पत्रा एका जागी फक्त एक शतांश मिलिमीटर पातळ लाटला गेला, तर चकतीतून जवळजवळ 38 मिलिग्रॅम धातू कमी होतो, म्हणजे पाऊण टक्क्याहून थोडा जास्त. रुळांमधलं अंतर, पत्र्याचं तापमान, पत्र्याची कड की मधला भाग, अशा कशानेही एवढा फरक पडू शकतो. प्रत्येक नाणं कानस लावून नेमक्या वजनाला आणायचं तर घडवण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल. म्हणून कायदाच प्रमाण वजनाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक फरकाची मुभा देतो. त्या मुभेत बसणारं हलकं नाणं पूर्णपणे प्रमाणबद्ध असतं. क्वचित पंच आधीच्या भोकावर चढतो आणि काठाचा वाटोळा तुकडाच कापला जातो. अशी नाणी तपासणीतून निसटली तर संग्राहक ती आवडीने जपून ठेवतात.

एकदा व्यवहारात आलं की नाण्याची झीज सुरू होते. खिसे, गल्ले, घामट हात, एकमेकांवर घासणारी नाणी. तांबे-निकेल स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे जुनी नाणी लवकर गुळगुळीत होतात. पण डोळ्यांना दिसणारी झीज आणि काट्यावरची घट यांचा मेळ फसवा असतो. 9 ग्रॅमच्या त्या पाच रुपयांच्या नाण्याचा सर्व बाजूंनी दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या छोट्याशा हिश्श्याएवढा थर गेला, तर वजन कमी होतं सुमारे 90 मिलिग्रॅम, जेमतेम एक टक्का. सिंहांची आयाळ पुसट झालेलं नाणंही त्यामुळे वजनाला फारसं मागे नसतं. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1868 मध्ये सोन्याच्या सॉव्हरिनच्या झिजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण 18 वर्षं हाताळलं गेलेलं नाणं कायद्याच्या किमान वजनाखाली जातं, असा त्याचा हिशेब होता. तरुणपणी सिडनीच्या टाकसाळीत धातूंची कस-तपासणी करणाऱ्या या माणसाला काट्याची किंमत ठाऊक होती.

सोन्या-चांदीच्या काळात ही घट थेट पैशांत मोजली जाई. पेशवाईत चांदवडसारख्या निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये चालत आणि सराफ पारखून, तोलून बट्टा कापून घेई. आज पाच रुपयांचं मोल त्यातल्या धातूवर नाही, शासनाच्या वचनावर आहे. 2011 चा कायदा सांगतो की नाणं विद्रूप केलेलं नसेल आणि ठरवलेल्या किमान वजनाखाली गेलेलं नसेल, तर रुपया आणि त्यावरची नाणी 1000 रुपयांपर्यंतच्या देण्याला कायदेशीर चलन आहेत.

आता काट्याबद्दल. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा नाण्यासाठी निरुपयोगी. 3.79 ग्रॅमचा रुपया तो 4 दाखवेल. एका ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्यावा आणि एकाच मालिकेची दहा नाणी एकत्र तोलून दहाने भागावं. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही, तो पृथ्वी ओढते तो जोर मोजतो, आणि हा जोर जागोजागी बदलतो. मुंबईपेक्षा चंडीगड विषुववृत्तापासून दूर, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण सुमारे 0.07 टक्क्यांनी जास्त. मुंबईत जुळवलेला काटा तसाच सेक्टर 43 मध्ये नेला, तर 9 ग्रॅमची हजार नाणी सहा ग्रॅमने जास्त भरतील. तोच काटा बसने शिमल्याला नेला की उंची सुमारे 1,900 मीटरने वाढते आणि त्याच पिशवीत चंडीगडच्या मानाने चार-पाच ग्रॅमची घट दिसते. नाण्यांतून कणही गेलेला नसतो! नव्या जागी प्रमाणित वजन ठेवून काटा पुन्हा जुळवला की हा फरक जातो. दोन पारड्यांच्या तराजूला तर तो बाधतच नाही.

खोट्या नाण्याची शंका असेल तर वजनापेक्षा घनता अधिक बोलते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला लागू न देता पाण्यात पूर्ण बुडवा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. 9 ग्रॅमच्या तांबे-निकेलच्या नाण्याला जवळपास 1.01 यायला हवं. जस्ताच्या मिश्रधातूचं तेवढ्याच वजनाचं नाणं 1.3 च्या आसपास दाखवेल. घरच्या शंकेसाठी एवढं पुरे. खटल्याची गोष्ट वेगळी. चंडीगडचं जिल्हा न्यायालय याच सेक्टर 43 मध्ये आहे. नाण्याचा वाद कोणत्याही फौजदारी न्यायालयात गेला, तर टाकसाळीच्या अधिकाऱ्याचा अहवाल पुरावा म्हणून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. हातात धरून ‘हलकं लागतंय’ म्हणणं तिथे चालत नाही.

गल्ल्यावर मात्र ते सर्रास चालतं आणि त्याचा त्रास भाजीवाल्या मावशींना, रिक्षावाल्यांना होतो. दहा रुपयांची नाणी लोक नाकारू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी 2018 मध्ये जाहीर करावं लागलं की त्यांचे 14 प्रकार चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत. दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, नाणं बारीक किंवा गुळगुळीत दिसलं म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवू नका. साल पाहा, ठेवून घ्या आणि अगदीच झिजलेलं असेल तर बँकेच्या काउंटरवर द्या. नाणी स्वीकारण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने सर्व शाखांना दिलेल्या आहेत.