फुलांच्या व्यापारासाठी पहिली संगणकभाषा
(लेखांक चौथा)

गेल्या लेखांकात संकेतस्थळाचे नाव कोठे नोंदवावे आणि सर्व्हरवर जागा कशी घ्यावी, याचा विचार झाला. आता प्रत्यक्ष बांधणीस हात घालावयाचा, तर प्रथम कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न उभा राहतो. मुदखेडच्या आसमंतातील काकडा, मोगरा आणि गुलाब नांदेडच्या बाजारात पाठविणारा, आणि जंक्शनावरून जो लोहमार्ग भोकर-किनवटमार्गे आदिलाबादकडे जातो, त्या दिशेच्या गिऱ्हाइकांचीही मागणी आदल्या रात्रीच नोंदवून घेऊ इच्छिणारा एखादा तरुण व्यापारी मी यासाठी डोळ्यांसमोर ठेवतो; कारण भाषेची निवड तिच्या कीर्तीवरून नव्हे, तर आपल्या कामावरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

हे काम दोन जागी चालते. दुकानाची दर्शनी बाजू गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उघडते. दर, मागणी आणि येणेबाकी यांचे दफ्तर मात्र सर्व्हरवर राहते. दर्शनी बाजूस निवडीला फारसा वाव नाही. पानाची मांडणी एचटीएमएलने, सजावट सीएसएसने आणि त्यातील हालचाल जावास्क्रिप्टने करावयाची, हे ठरलेलेच आहे. तेव्हा या तिन्हींची तोंडओळख अनिवार्य समजावी.

खरी निवड दफ्तराच्या भाषेची, आणि तेथे माझा कौल पीएचपीला आहे. रासमस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी रचलेली आणि १९९५ साली सर्वांस खुली केलेली ही साधने आज स्वस्तातल्या होस्टिंगवरही बहुधा आयतीच मिळतात, २००३ साली आलेले वर्डप्रेस पीएचपीमध्येच लिहिलेले आहे, आणि काही बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस नांदेडसारख्या शहरात शोधणे त्यामुळे सुकर होते. पायथन अधिक सुबोध आहे खरी. ज्याचा ओढा सांख्यिकीकडे असेल, त्याने खुशाल तिच्यापासून आरंभ करावा.

दफ्तराचे महत्त्व नवशिक्याच्या ध्यानात लवकर येत नाही. काकड्याचा किलोचा दर आणि एकूण रक्कम केवळ जावास्क्रिप्टने काढून तीच सर्व्हरने निमूटपणे स्वीकारली, तर थोडेबहुत जाणणारा कोणीही आपल्या ब्राउझरमध्ये तो आकडा बदलून दहा किलो फुले एका रुपयात मागवू शकेल. म्हणून गिऱ्हाइकाकडून फक्त फुलाचा प्रकार आणि वजन घ्यावे. दर दफ्तरातून काढावा आणि हिशेब तेथेच पुन्हा करावा.

मराठी व्यापाऱ्याने आणखी एक खबरदारी घेतली पाहिजे. ‘फुले’ या शब्दात डोळ्यांना दोनच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या लेखी मात्र फ, उकार, ल आणि एकार अशी चार चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ हे फलन या शब्दाची लांबी बारा सांगते, तर ‘एमबी_स्ट्रलेन’ चार सांगते. पहिल्यावर विसंबून नावासाठी वीसची मर्यादा घातली, की ‘ज्ञानेश्वर’ हे साधे नाव तीस बाइटांचे ठरून नामंजूर होते, आणि आपला अर्ज का परतला हे त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकास उमगत नाही.

पुढील लेखांकात ही मागणी मायएसक्यूएलमध्ये कशी साठवावी, ते पाहू. तोपर्यंत नाव, फुलाचा प्रकार आणि वजन एवढ्या तीनच रकान्यांचा फॉर्म वाचकांनी एचटीएमएलमध्ये स्वहस्ते लिहून तयार ठेवावा.