पहिले सोळा आठवडे : घरी आणलेल्या पिल्लाचं शिक्षण

आजचा विषय घरगुती आहे, पण हलका नाही. शिळफाट्यावर, खोपोलीत किंवा कर्जत-खालापूरच्या कुठल्याही वाडीत थंडी पडायला लागली की कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. टपरीच्या मागे, बांधकामाच्या वाळूवर, बंद शटरच्या पायरीवर. शाळेतून येताना मुलं त्यातलं एखादं उचलून घरी आणतात. आई आधी नको म्हणते आणि मग तीच वाटीत दूध ओतते.

पुढचं चित्रही ओळखीचं आहे. सात-आठ महिन्यांनी तेच पिल्लू मोटारसायकलींच्या मागे धावतं, पाहुण्यांवर गुरगुरतं, कुणाच्या तरी पोटरीला दात लावतं. मग एक दिवस त्याला गाडीत घालून जुन्या हायवेवर कुठेतरी सोडून दिलं जातं. घरचे सांगतात, "कुत्रं बिघडलं." आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की ते बिघडलेलं नसतं. त्याचं शिकायचं वय आपण आपल्या नकळत घालवलेलं असतं.

हे वय कोणतं, ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे एक प्रयोग झाला, तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांची पिल्लं उंच कुंपणाच्या आत, माणसं दिसणार नाहीत अशा मोकळ्या जागेत वाढवली. मग काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून एकेक आठवडा माणसांच्या सहवासात ठेवलं. काही पिल्लांना मात्र चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान माणसं भेटलेली पिल्लं माणसाळली. चौदा आठवडे कोरी राहिलेली पिल्लं जंगली जनावरासारखी घाबरत राहिली. त्यातल्या एकाला पुढे तीन महिने मायेने हाताळलं, तरी फरक थोडाच पडला.

याचा अर्थ असा, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींना "चालेल" म्हणतं. त्यानंतर ते "आधी घाबरू, मग बघू" असं म्हणायला लागतं. फार ताणलं तर सोळा आठवडे. आता हिशेब करा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार त्याआधी ते विकताही येत नाही. कारण चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात. म्हणजे आपल्या हातात उरतात जेमतेम सहा ते आठ आठवडे.

आणि नेमक्या याच आठवड्यांत एक अडचण उभी राहते.

पिल्लाचं लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतं. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, आणि ते असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून एकाच लसीवर भागत नाही. तोवर मोठी भीती असते पार्व्होची. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. फिनाईलवर विसंबू नका. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, असं मिश्रण दहा मिनिटं फरशीवर ठेवलं तर तो मरतो. पिल्लाला त्या वेळी लांब ठेवायचं आणि नंतर फरशी पाण्याने धुवायची.

मग सांगितलं जातं, "लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढू नका." सल्ला काळजीपोटीच असतो. आमच्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी आम्ही तो अक्षरशः पाळला. मोती जानेवारीत आला, मे महिन्यापर्यंत त्याने उंबरा ओलांडला नाही. पार्व्हो झाला नाही, तब्येत उत्तम. मग जून उजाडला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दूधवाला रेनकोट घालून आला, शेजारच्या काकू छत्री उघडून दारात आल्या, आणि मोती पलंगाखाली गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. त्याच्या दृष्टीने ती माणसं नव्हतीच. पुढची अकरा वर्षं प्रत्येक पावसाळ्यात तो छत्रीवर भुंकला, आणि एकदा एका मुलाच्या रेनकोटला त्याने दात लावले. आम्ही त्याचा जीव वाचवला, पण त्याचं जग मात्र एका खोलीएवढं करून ठेवलं.

दोन्ही साधता येतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की पहिली लस आणि जंताचं औषध दिल्यावर सात दिवसांनी, म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच पिल्लाला जगाची ओळख करून द्यायला लागा. पार्व्हो मातीतून, विष्ठेतून येतो. तेव्हा पिल्लू जमिनीवर न ठेवता कडेवर घ्या, नाहीतर टोपलीत बसवा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. हायवेच्या कडेला, सुरक्षित अंतरावर उभं राहून घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा आवाज ऐकवा. खोपोली लोकलचा भोंगा ऐकवा. मिशीवाले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी घेतलेली म्हातारी, गणवेशातली मुलं, म्हशी, सगळं दाखवा. घरात छत्री उघडा-मिटा, रेनकोट घाला, कुकरची शिट्टी होऊ द्या. दिवाळी लांब असली तरी मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा आणि त्याच वेळी त्याला जेवू द्या. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक खाऊ. पिल्लू मागे सरकलं तर ओढून पुढे न्यायचं नाही, आपणच दोन पावलं लांब जायचं. जबरदस्तीने दाखवलेली गोष्ट ओळखीची होत नाही, तिची भीती बसते. लस झालेलं, शांत स्वभावाचं ओळखीतलं मोठं कुत्रं असेल तर त्याच्या अंगणात खेळायला हरकत नाही. सार्वजनिक मैदान, बाजार आणि जनावरांच्या दवाखान्याची फरशी मात्र टाळायची.

आता घरातलं शिक्षण. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो, घाण. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरून ठेवता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यायचं. ते आपलं अंगण किंवा गच्ची असेल, फ्लॅट असेल तर बाल्कनीतली रद्दी. काम झालं की तिथल्या तिथे कौतुक आणि खाऊ. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याला घरात येण्याबद्दलचा वाटतो. चुकून घरात झालं तर पुसून टाका आणि वेळ आपली चुकली असं समजा. तिथे नेऊन नाक घासणं, पेपरची सुरळी मारणं, यातून ते एकच शिकतं : माणूस बघत असताना करायचं नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

दुसरा मुद्दा शब्दांचा. इथे आपल्या मराठी घरांत एक गंमत होते. बाबा "सिट" म्हणतात, आई "बस" म्हणते, आजी "बस खाली" म्हणते. मग पिल्लू भुंकायला लागलं की तीच आजी ओरडते, "बस, बस झालं आता!" त्या बिचाऱ्याने काय समजायचं? कुत्र्याला भाषा येत नाही, त्याला आवाज ओळखता येतो. एका कृतीला एकच आवाज हवा, आणि तो घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. "बस" म्हणजे बसणं ठरलं, तर थांबवायला "नको" वापरा. नाव हाक मारायला ठेवा, रागावायला नको. "ये" म्हटल्यावर आलेल्या पिल्लाला कधीही रागवायचं नाही, अगदी त्याच्या तोंडात तुमची नवी चप्पल असली तरी. हे शब्द कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आमचा अनुभव असा, की तो कागद पिल्लापेक्षा घरच्यांनाच जास्त लागतो.

शिकवताना बक्षीस क्षणात द्यावं लागतं, एक-दोन सेकंदांत. हरभऱ्याच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा पुरे. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. "त्याला मालक कोण ते दाखवा, तो कळपाचा प्राणी आहे" असं तुम्ही ऐकलं असेल. ही समजूत मुख्यतः १९४७ च्या सुमाराला पिंजऱ्यातल्या, एकमेकांना परक्या असलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावर उभी आहे. डेव्हिड मीच या शास्त्रज्ञाने आधी स्वतःच्या पुस्तकातून ती पसरवली होती. पण जंगलातले लांडगे पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं, की तो कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. तेव्हा पिल्लाला उताणं दाबून धरण्यात शिक्षण नाही.

आपल्या गावठी पिल्लांबद्दल एक मुद्दाम सांगतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांवर अभ्यास होतो. तिथे दिसलं, की अनोळखी माणसावर विश्वास बसायला वारंवार भेटीत खाण्यापेक्षा मायेने हात फिरवण्याचा उपयोग जास्त होतो. त्याच गटाच्या पाहणीत पाचातलं जेमतेम एक पिल्लू सात महिन्यांपर्यंत जगलं, आणि बऱ्याच मृत्यूंना माणूस कारणीभूत होता. म्हणून रस्त्यावरून उचललेल्या जिवाची जबाबदारी मोठी आहे.

तिसरा मुद्दा चावण्याचा, आणि तो जिवाशी गाठ आहे. दुधाचे दात पडून नवे येतात ते चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात, तोवर पिल्लू सगळं चावणारच. दात हाताला लागले की खेळ तिथेच थांबवा, पाठ फिरवा, अर्ध्या मिनिटाने हातात खेळणं देऊन पुन्हा सुरू करा. हात हलवून खेळवणं मुलांना करू देऊ नका.

पण "लहान पिल्लू आहे, त्याच्या दाताने काय होतंय" असं म्हणू नका. रेबीज पिल्लालाही होतो. रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा ओरखडा निघाला, रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथे लस मोफत मिळते. दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत सीरमही द्यावं लागतं. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. पिल्लाला त्याची रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर द्या, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. भातखाचरं आणि साचलेलं पाणी जवळ असेल तर लेप्टोच्या लसीबद्दलही विचारा.

खाण्याबद्दल थोडक्यात. कांदा-लसणाचं वाटण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषारी आहेत. प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवताना मनुक्यांची आठवण ठेवा. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून आतड्यात टोचतात. गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथे देतो.

एका दादांचा कर्जतजवळ फार्महाऊस आहे. शनिवार-रविवार ते येतात, बाकीचे दिवस पिल्लू तिथल्या राखणदाराकडे. पिल्लू त्यांचं ऐकत नाही. आम्ही विचारलं, "राखणदाराचं ऐकतं का?" म्हणाले, "त्यांचं सगळं ऐकतं." मग उत्तर त्यातच आहे. पिल्लू सातबारा बघून मालक ठरवत नाही. जो रोज वेळेवर खायला घालतो आणि रोज तोच शब्द वापरतो, त्याचं ते असतं. दादांनी राखणदारकाकांचे शब्द शिकून घ्यावेत. आणि पाच दिवस बघायला कुणीच नसेल, तर पिल्लू आणूच नये.

एका ताईंनी विचारलं, "आमचा आठ महिन्यांचा झालाय. आता वेळ गेली का?" गेली, असं आम्ही म्हणणार नाही. जे पिल्लू आठवड्यात शिकतं त्याला आता महिने लागतील, काही भीती आयुष्यभर उरेल, पण ती कमी करता येते. पद्धत तीच : लांबून दाखवा, खाऊ द्या, दोन पावलं जवळ जा. सोडून देणं हा मार्ग नाही. उपाशी-तहानलेलं पडेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

येत्या थंडीत तुमच्या घरी एखादं पिल्लू आलंच, तर कॅलेंडरवर त्याच्या सोळाव्या आठवड्याच्या तारखेभोवती गोल काढा. लसींच्या तारखा त्याच पानावर लिहा. आणि पहिली लस होऊन आठवडा उलटला की माळ्यावरची छत्री काढा, ती भर थंडीत घरात उघडा, आणि दुसऱ्या हाताने त्याला चिकनचा तुकडा द्या. शेजारी हसतील. जूनमध्ये दूधवाला दारात येईल तेव्हा तुमचं पिल्लू शेपटी हलवेल.