थेंब खाली, गळती भलतीकडेच

‘ड्रेन बोल्ट कसून घे, तिथूनच गळतंय.’ लांबच्या राइडच्या आदल्या दिवशी बाइकखाली रुपयाएवढा डाग दिसला, की बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी हे म्हणतंच. डाग बोल्टखाली, म्हणून गळती बोल्टची! मग पाना निघतो, जोर लागतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. मूळ गळती जिथल्या तिथे, वर नवा खर्च.

अहो, ड्रेन बोल्ट बहुतेक गाड्यांवर इंजिनच्या पार तळाला असतो. वर कुठूनही सुटलेलं तेल शेवटी तिथेच येऊन लोंबणार. टॅपेट कव्हरच्या ओ-रिंगमधून निघालेला ओघळ सिलिंडरच्या फिनांवरून उतरतो, केसिंगच्या जोडाची खाच धरून पुढे सरकतो आणि बोल्टच्या डोक्यावर येऊन थांबतो. गाडी पळत असताना समोरचा वारा तेल मागे रेटतो, त्यामुळे हेडचं तेल गिअरबॉक्सवर सापडतं. उभी केली की गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते आणि उजवीकडची गळतीही तळाखालून डाव्या बाजूला येते. हिमालयनसारख्या गाडीला खाली गार्ड असतं. त्यात तेल साचून भलत्याच भोकातून ठिबकतं, म्हणून ते आधी उतरवायचं.

शोधायचं ते वरून खाली आणि पुढून मागे. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवा, फिनांमधली चिकट माती निघेपर्यंत. नीट पुसून पूर्ण वाळू द्या. जोडांवर आणि कव्हरांच्या कडेने साधी टाल्कम पावडर भुरभुरा, गल्लीतच सावकाश चक्कर मारा आणि टॉर्च घेऊन बसा. पांढऱ्यावर तपकिरी रेघ उमटते. तिचं वरचं टोक पकडायचं. खालचं टोक जमिनीवरच्या डागाने आधीच सांगितलेलं असतं. एवढ्यानेही सापडलं नाही तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग मिळतो, अतिनील टॉर्चखाली तो पिवळा-हिरवा दिसतो.

पुढच्या स्प्रॉकेटपाशी काळं काही दिसलं तर मात्र घाई नको. ते बऱ्याचदा चेनला मारलेलं वंगणच उडालेलं असतं. बोटाला चिकट, चिवट लागतं. पुसून पुन्हा चालवा. चेनला काही न मारताही पातळ तेल आलं, तर शाफ्टचं ऑइल सील बघा.

‘प्रवास लांबचा, थोडं जास्तच ओत’ हा सल्लाही असाच. जादा तेल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून खाली ठिबकतं, आणि लोक पॅकिंग बदलत बसतात. पातळी मोजताना गाडी सरळ उभी हवी. कांडी फिरवून बसवायची की नुसती टेकवायची हे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

जाड तेल घातल्याने फाटलेलं सील शिवलं जात नाही. कारचं तेल तर नकोच: ओला, म्हणजे इंजिनच्याच तेलात फिरणारा, क्लच असलेल्या गाडीसाठी तेलाच्या डब्यावर जासो या जपानी मानक संस्थेच्या टी ९०३ मानकातलं एमए किंवा एमए२ लिहिलेलं लागतं, नाहीतर क्लच घसरू शकतो. सिलिकॉन बाहेरून थापून गळती फक्त लपते. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून तेलाच्या जाळीत अडकतं. आणि ‘बुलेट आहे, गळणारच’ ही कीर्ती जुन्या कास्ट आयर्न इंजिनची. त्याच्या प्रायमरी चेनचं आख्खं कव्हर मधल्या एका नटावर धरलेलं असे. त्याच कंपनीच्या २००९ च्या क्लासिकपासूनच्या नव्या इंजिनाच्या गाड्यांना ही सबब लागू नाही.

गळती किती, हेही पाहावं. पाण्याचे वीसेक थेंब म्हणजे एक मिलिलिटर. त्याच हिशेबाने रोजचा एक थेंब वर्षाला वीस मिलिलिटरही होत नाही, आणि बुलेटसारख्या गाडीच्या इंजिनात दोन लिटरच्या आसपास तेल असतं. अशा गाडीने पातळी बघत बघत गोव्याला जाऊन यायला हरकत नाही. तेल मागच्या टायरवर उडत असेल किंवा फोर्कच्या सीलमधून ओघळून पुढच्या डिस्कवर उतरत असेल, तर मात्र ती गाडी दुरुस्तीआधी घाटात न्यायची नाही, मग थेंब एक का असेना.