पेढीचा दर्शनी भाग कोणाचा?

मुंबईच्या फोर्ट भागात माझ्या मामांची कापडाची पेढी आहे. आजोबांनी पागडीवर घेतलेला तो गाळा आता तिसऱ्या पिढीच्या हाती आला आहे. काही वर्षांपूर्वी मामेभावाने दुकानाला नवे रूप देण्याचे ठरविले. जुनी सागवानी चौकट काढावी, कमान चकचकीत पत्र्यांनी झाकावी आणि त्यांवर रात्री उजळणारी मोठी अक्षरे लावावीत, असा बेत होता. कंत्राटदाराने परांची बांधली, कमानीच्या दगडात भोके पाडण्यास प्रारंभ केला आणि चौथ्याच दिवशी महापालिकेची नोटीस आली. काम थांबले, ते दिवाळीचा हंगाम उलटून जाईपर्यंत थांबलेलेच राहिले. दुकानासमोर बांबूंचा सांगाडा उभा आणि गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात, अशी अवस्था झाली. त्या दिवसांत मामा भेटले की एकच प्रश्न विचारीत : "भाडे आपण भरतो, कर आपण भरतो, मग आपल्याच दुकानाला पाटी लावायला कमिटीला का विचारायचे?"

प्रश्न संतापातून आलेला असला तरी तो गैर नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या पेढ्या, गोदामे आणि राहती घरे जुन्या शहरांच्या गाभ्यातच आहेत. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या आपल्या दारी येणारच. त्याचे उत्तर शोधताना मला जे आढळले ते येथे मांडीत आहे.

मुंबईत यासाठी जी नियमावली आहे, ती राज्य शासनाने १९९५ साली लागू केली. शहराच्या पातळीवर अशी व्यवस्था उभी करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर. त्यापूर्वी संरक्षण होते ते मुख्यतः किल्ले, लेणी, प्राचीन मंदिरे अशा स्मारकांना. लोक ज्यांत राहतात आणि व्यापार करतात अशा वापरातल्या इमारतींचा विचार प्रथमच झाला. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर सूचीत घेतले गेले व त्यांच्या तीन श्रेणी ठरविल्या गेल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांना जवळजवळ हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतील बदलांना व नव्या वापराला वाव आहे, पण छाननी कडक. तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर बदल करता येतात, मात्र ते परिसराशी सुसंगत असावे लागतात. मामांची इमारत या तिसऱ्या श्रेणीतली.

सामान्य व्यापाऱ्याची फसगत होते ती एका बाबतीत. परवानगी केवळ पाडकामाला किंवा नव्या मजल्याला लागते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात सूचीतील इमारतीची दुरुस्ती, गिलावा, इतकेच काय रंगकामसुद्धा या नियमात येते आणि फलकांचाही त्यात समावेश आहे. परवानगी देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांचा. त्यांना सल्ला देते ती वारसा जतन समिती, जिला आपण सारे 'हेरिटेज कमिटी' म्हणतो. समितीत वास्तुविशारद, संरचना अभियंता, शहराच्या इतिहासाचे जाणकार अशी मंडळी असतात. समितीचा सल्ला आयुक्तांना डावलता येतो, पण अपवाद म्हणूनच आणि तशी कारणे लेखी नोंदवून.

मामांना हे सारे नवे खूळ वाटत होते. वस्तुतः मुंबईच्या व्यापाऱ्यांना अशा अटींची सवय दीडशे वर्षांची आहे. आजचे हॉर्निमन सर्कल पाहा. पूर्वी ते मोकळे मैदान होते आणि तेथे कापसाच्या गाठींचा व्यवहार चाले. १८६० च्या दशकात ती जागा आखून भूखंड व्यापारी घराण्यांना विकले गेले. बांधकाम ज्याचे त्याने करायचे, परंतु बागेकडे पाहणारे तोंड सर्वांचे एकसारखे असावे, ही आखणी मान्य करूनच. पैसा खाजगी, इमारती वेगवेगळ्या मालकांच्या. तरी अर्धवर्तुळात उभे राहिल्यावर ती एकच वास्तू वाटते. त्या अटीमुळे कोणा धनिकाचे नुकसान झाले असे दिसत नाही. उलट, शहरातील अत्यंत प्रतिष्ठित पेढ्या आणि बँका तेथेच आल्या.

दुसरे उदाहरण दादाभाई नौरोजी मार्गाचे, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडचे. किल्ल्याचा कोट पाडल्यानंतर हा रस्ता रुंद होत गेला व दोन्ही बाजूंना मोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या. १८९६ सालच्या नियमाने प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर कमानींची सलग पडवी सोडणे बंधनकारक झाले. कोणी गॉथिक पद्धतीने बांधले, कोणी अन्य शैलीत, पण पडवी तुटू द्यायची नाही. पावसाळ्यात छत्री न उघडता, उन्हाळ्यात डोके न तापवता गिऱ्हाइकाने दुकानांमागून दुकाने पाहत जावे, ही सोय त्या एका अटीतून झाली. मालकाने आपल्या जागेतील काही फूट रस्त्याला दिले आणि रस्त्याने त्याला गिऱ्हाईक दिले. व्यापारी माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

पुढे याच रस्त्याची दशा कशी झाली, ते आपल्या पिढीने पाहिले आहे. एका दुकानदाराने कमानीवर पाटी लावली. शेजाऱ्याची पाटी त्यामुळे झाकली गेली, म्हणून त्याने दुप्पट आकाराची लावली. तिसऱ्याने ती रस्त्याच्या दिशेने पुढे काढली. काही वर्षांत कमानी, खांब, कोरीव दगड सारे पत्र्यांमागे गेले आणि गंमत अशी की इतक्या पाट्यांच्या गर्दीत एकाही दुकानाचे नाव धड वाचता येईना. प्रत्येकाने आपापल्या फायद्याचे केले आणि तोटा सर्वांना वाटून आला.

१९९८ च्या सुमारास या रस्त्याचा बारकाईने अभ्यास सुरू झाला. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी फलक कोठे असावा, कमानीच्या आत कसा बसवावा, खांब आणि नक्षीकाम झाकू नये, यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. नियम कागदावर करणे सोपे होते. खरी कसोटी दुकानदारांना पटविण्याची होती. येथे सक्तीपेक्षा संवाद अधिक उपयोगी पडला. रस्त्यावरील गाळेधारकांची व मालकांची संघटना झाली, काहींनी आधी आपल्या पाट्या उतरवून नव्या बसविल्या आणि त्यांची कमान उघडी पडल्यावर शेजाऱ्यांनाही आपल्या दुकानामागे काय दडले आहे याचे कुतूहल वाटू लागले. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. अर्थात आजही तो रस्ता आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. पदपथावरून चालताना अजून कसरत करावी लागते. परंतु मान वर केली तर दगडी कमान दिसते, आणि हे पूर्वी होत नव्हते.

असे परीक्षण केवळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराने १९३१ साली जुन्या वस्तीतील इमारतींच्या बाह्य बदलांसाठी मंडळ नेमले. त्या देशातील ही पहिली व्यवस्था. कारण मोठे बोलके आहे. जुन्या घरांच्या जागी पेट्रोल पंप येत होते आणि घरांतील लाकडी नक्षी व लोखंडी जाळ्या बाहेरगावचे संग्राहक विकत नेत होते. हे वाचताना मला अहमदाबाद आठवले. १८८१ च्या सुमारास लॉकवुड डी फॉरेस्ट हा अमेरिकन कलावंत तेथे आला आणि मगनभाई हठीसिंग या जैन श्रेष्ठींच्या सहकार्याने त्याने काष्ठशिल्पाचा कारखाना काढला. त्यामुळे शेकडो वर्षांची कारागिरी जिवंत राहिली, कारागिरांना काम मिळाले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याच डी फॉरेस्ट बंधूंच्या भेटीतून १९१६ साली पाटणच्या एका जैन मंदिराच्या सभामंडपाचे सोळाव्या शतकातील कोरीव सागवानी छत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोहोचले. तेथे ते उत्तम सांभाळले आहे. पाटणला मात्र ते नाही.

अहमदाबादच्या पोळांतील घरांचेही असेच होत आले आहे. कोरीव खांब, तुळया, झरोके सुटे करून विकले जातात आणि मागे उरते ती सिमेंटची भिंत. महापालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष सुरू केला. २०१७ साली त्या तटबंदीतील शहराला जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला, भारतात सर्वप्रथम. ज्या पोळीत देरासर, चबुतरा आणि पावसाच्या पाण्याचे भूमिगत टाके एकाच चौकाभोवती आहेत, तेथे एका घराचे तोंड बदलले तरी सारा चौक परका वाटू लागतो.

येथवर मी कमिटीची बाजू मांडली. आता मामांची बाजू.

नियम मालकाकडे जतनाची अपेक्षा ठेवतो, पण फोर्टातील मालकाच्या हाती भाडे किती येते? भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या रकमेत वर्षाचा चुनाही येणार नाही. गाळेधारक म्हणतो इमारत मालकाची, मालक म्हणतो फायदा गाळेधारकाचा, आणि सज्जा मात्र दोघांच्या डोक्यावर खाली येतो. दगडाचे काम जाणणारे गवंडी थोडे, त्यांची मजुरी अधिक. सिमेंटचा गिलावा स्वस्त, पण तो जुन्या दगडाला श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते. म्हणून चुन्याचाच आग्रह धरला जातो. आग्रह शास्त्रशुद्ध आहे. त्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर नियम फारसे बोलत नाही.

एक तरतूद आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. वारसा नियमांमुळे मालकाचा बांधकामाचा हक्क बुडाला, तर त्याबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळू शकतो. तो अन्यत्र वापरता किंवा विकता येतो. अहमदाबादेतही अशी सोय केली आहे. कल्पना न्याय्य आहे. परंतु तो लाभ मालकाचा. पागडीवरच्या दुकानदाराच्या हाती त्यातून काही पडत नाही, आणि पाटीच्या वादात तर त्याचा संबंधच येत नाही. लहान कामांसाठी लहान, ठरावीक मुदतीची प्रक्रिया हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाटीच्या अर्जाला आणि टोलेजंग बांधकामाच्या अर्जाला एकाच रांगेत उभे केले, की माणूस रांग सोडून रात्री गुपचूप काम उरकतो. मग नोटीस येते, दंड होतो आणि वारशाविषयी मनात अढी बसते. 'परिसराशी सुसंगत' म्हणजे काय, हेही चित्रे काढून, मापे देऊन आधीच सांगितले पाहिजे. दादाभाई नौरोजी मार्गावर यश आले त्यात या स्पष्टतेचा वाटा मोठा होता.

जोवर तसे होत नाही तोवर आपणच थोडी दक्षता घ्यावी. दुकानाचे काम काढण्याआधी आपली इमारत सूचीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, किंवा ती एखाद्या वारसा परिसरात मोडते का, हे महापालिकेकडे विचारावे. मालकाची लेखी संमती प्रथम घ्यावी. सद्यःस्थितीचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, कारण पुढे 'पूर्वी काय होते' यावरच वाद होतात. अशा कामाचा अनुभव असलेला वास्तुविशारद नेमावा. त्याची फी जड वाटते, पण बुडालेल्या हंगामाहून ती हलकी असते. फलकासाठी महापालिकेच्या अनुज्ञापन खात्याचा परवाना निराळा लागतो, तेही विसरू नये. आणि सणाच्या तोंडावर काम काढू नये. मामेभावाला हे शेवटचे वाक्य मी वाचून दाखविले तेव्हा तो काही बोलला नाही.

पेढीचे पुढे काय झाले, ते सांगतो. वास्तुविशारद बाईंनी पहिल्या भेटीतच कमानीवरचा जुना पत्रा काढायला लावला. त्यामागे कमानीचा मधला दगड शाबूत होता, त्यावर एक साधे कोरलेले फूल. मामांनी चाळीस वर्षे त्याखालून ये-जा केली, पण त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. नवी पाटी कमानीच्या आत बसविली : गडद लाकडावर पितळी अक्षरे, वरून मंद दिवे. समितीने एका दुरुस्तीसह ती मान्य केली. अक्षरांची उंची थोडी कमी करावी लागली. भोके बुजविण्यासाठी चुन्याचे काम करणारा गवंडी शोधण्यात आणखी तीन आठवडे गेले. सागवानी चौकट घासून, तेलपाणी करून पुन्हा जागेवर आली आणि पुढच्या दसऱ्याला दुकान पूर्ण उघडले.

मामेभावाला आता ते आवडते. पण मामांची तक्रार गेलेली नाही. रस्त्याच्या पलीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपले नाव लांबून दिसत नाही, असे ते अजूनही म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. मी तेथे उभे राहून पाहिले आहे.